सात दाणे आणि एक ‘हौ’

एक

पत्र रजिस्टर पोस्टानं आलं. त्यात लिहिलं होतं की मिल्काचं लग्न होऊन सहा आठवडे झाले. नवरीला तेवढं कळवायचं राहून गेलं होतं.

डॉ. सिपोरा किहिमकरांनी ते दारातच उभ्यानं वाचलं. मग खुर्चीत बसून, हातात पेन्सिल घेऊन, पुन्हा वाचलं. परभणीत बियाणं तपासण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. पहिल्या नजरेला सगळेच दाणे चांगले दिसतात, हे त्या नोकरीनं शिकवलेलं. गावात बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचं, घर त्यांचं एकच. दर नव्या शेजाऱ्याला सांगावं लागे, “आम्ही शनिवार पाळतो. नाही, मारुतीचा नव्हे.”

समोर भाची मिल्का बसली होती. जन्म आणि शाळा अलिबागची. तीन वर्षांपासून ज्वारीवर पीएच.डी. करायला मावशीकडे राहिलेली. बारा दिवसांनी पनवेलच्या एलिशा झिराडकरशी तिचं लग्न ठरलं होतं.

“एझ्रा नवगावकर,” सिपोराबाई म्हणाल्या. “दोन वर्षांपूर्वी तुला मागणी घातलेला, तोच ना?”

“हो मावशी. मी नाही म्हटलं होतं. लेखी.”

“मग त्याला हुरड्याला कोणी बोलावलं?”

“कोणी नाही. ठाण्याहून शालोम आणि योना येतो म्हणाले, त्यांच्या गाडीत हाही बसून आला. दारात आलेल्याला हाकलायचं कसं?”

सिपोराबाईंनी पत्र मोठ्यानं वाचलं. “‘अठरा जानेवारीला झरी येथील शेतात, दोन साक्षीदारांसमोर, मी मिल्काच्या हातात मूठभर हुरडा ठेवला आणि लग्नाचे शब्द उच्चारले. तिने हुरडा घेतला व स्पष्ट होकार दिला. आपल्या शास्त्राप्रमाणे अंगठीच हवी असे नाही. पैशाएवढ्या किमतीची कोणतीही वस्तू चालते. तरी तिचा दुसरा विवाह थांबवावा. त्याच हुरड्यातले सात दाणे पुरावा म्हणून जोडले आहेत.’”

मिल्का खदखदून हसली. “हुरड्यानं लग्न! चटणीनं घटस्फोट का?”

मावशी हसल्या नाहीत, तेव्हा तिचं हसू विरलं.

“मावशी, हे चालतं?”

“चालू शकतं. पुरुषानं आपली वस्तू द्यावी, शब्द म्हणावेत, बाईनं समजून, राजीखुशीनं घ्यावी आणि दोन साक्षीदारांनी बघावं. एवढं झालं की लग्न लागलं. तो काही बोलला होता?”

“पुटपुटला होता काहीतरी. माझं लक्ष नव्हतं.”

“आणि तू ‘हो’ म्हणालीस?”

“आठवत नाही,” ती म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, म्हणून ते उत्तर आणखीच भयंकर वाटलं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. झरीहून शेतमालकीण नर्मदाबाई. उद्या काढणीला येतेस का, असं विचारत होत्या.

“हौ माय, येते,” मिल्का म्हणाली आणि फोन ठेवून तिनं डोळे पुसले.

दोन

रूबेनकाका चेऊलकर हे हझान. सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवायचे आणि लग्नही लावायचे. मुलगी लग्नाला मोकळी आहे असा कागद त्यांनी दिला तरच मिल्काचं लग्न लागणार होतं. पत्राची एक प्रत एझ्रानं त्यांनाही पाठवली होती. जोडीला साक्षीदारांचे हातानं लिहिलेले जबाब; त्यांचे फोटो काकांनी सिपोराबाईंना पाठवले.

“सिपोरा, सोपा रस्ता आहे,” काका फोनवर म्हणाले. “गेट घेऊन टाकू. सोडचिठ्ठीचा बारा ओळींचा कागद. संशयाला जागाच नको. एझ्रा द्यायला तयार आहे.”

“बदल्यात काय हवंय त्याला?”

“लग्न झालं होतं, एवढं तिनं सगळ्यांसमोर कबूल करावं म्हणतो. आणि गेट घेतल्यावर शास्त्राप्रमाणे नव्वद दिवस थांबावं लागेल. तारीख पुढे जाईल, एवढंच.”

मिल्कानं मावशीच्या हातातून फोन घेतला.

“काका, जे लग्न मी केलंच नाही त्याची सोडचिठ्ठी मी घेणार नाही. नव्वद दिवस सोडा, नऊ वर्षं थांबावं लागलं तरी नाही.”

“बाळ, हट्ट करू नकोस. दोन साक्षीदार आहेत त्याच्याकडे.”

“माझ्याकडे मी आहे.”

सिपोराबाईंना त्या क्षणी भाचीचा जो अभिमान वाटला, तो त्यांनी पेन्सिलीला टोक काढण्यात लपवला. तासलेली पेन्सिल निम्मी उरली.

“ठीक,” काका अखेर म्हणाले. “रविवारी मी परभणीला येतो. त्या तिघांनाही बोलावतो. पण सिपोरा, रडगाणं चालणार नाही. शास्त्रात बसेल असं कारण दे. नाहीतर मी कागद देऊ शकत नाही.”

पाच दिवस होते हातात. आणि सात दाणे.

तीन

दाणे पारदर्शक पाकिटात होते. भाजल्यामुळे काळपट आणि वाळून सुरकुतलेले. कुणीही झाडून टाकले असते. सिपोराबाईंनी ते खिडकीत पांढऱ्या बशीत ओतले आणि भिंग लावलं.

प्रत्येक दाण्याच्या बुडाशी तिळाएवढी जांभळट टिकली होती. सातही दाण्यांना.

त्यांनी भिंग खाली ठेवलं, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

“मिल्का, तुझ्या चार ओळींतली चांगली कणसं पाखरांनी खाल्ली, असं तू मला जानेवारीत सांगितलंस.”

मिल्काची मान खाली गेली. “पाखरं नव्हती मावशी. पाहुणे होते. मुठीत हुरडा आला, मी बघितलं तर टिकली! दोन हंगामांची मेहनत माझ्या हातावर भाजून ठेवलेली. मग दुसरं काही सुचलंच नाही. पण आलेल्या माणसाला तोंडावर काय बोलणार? मीच पाटी लावायला हवी होती.”

ही टिकलीची ज्वारी मिल्कानं स्वतः निवडत आणली होती. हुरडा गोड, आणि कोवळा राहण्याचे दिवस जास्त. झरीत नर्मदाबाईंच्या शेतातल्या चार ओळी सोडल्या, तर हा दाणा अजून कुठेच पेरलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दोघी झरीला गेल्या. काढणी चालू होती. नर्मदाबाईंनी पदराला हात पुसले आणि डॉक्टरीणबाईंना बांधावर सावलीला बसवलं.

“त्या दिवशीचं लय ध्यानात हाय माज्या,” त्या म्हणाल्या. “तिघं पाव्हणे आले. दोघं बरे व्हते. तिसरा सारखा पोरीकडं बघायलता. मी आगटीपाशी चटणी वाटायलते. त्यो गेला आन् आपल्या मनानं कणसं मोडून आणली. खायला सुरुवात झाल्यावर मला कागदाच्या पिशव्या पडलेल्या दिसल्या. मी तवाच पोरीला मागून इचारलं, ही तुझीच कणसं की काय गं? तिचं तोंड बघवंना गेलतं.”

“या चार ओळींचा काही कागद आहे?”

“हाय की! स्टँपवर हाय. शेत माजं, पर चार वळींतला दाणा न् दाणा पोरीचा. मी सही केली, अंगठा न्हाई.” हे सांगताना नर्मदाबाईंची मान आपोआप ताठ झाली. “चौथी शिकले मी. खामखा कोन अंगठा लावील?”

सिपोराबाईंनी कणीस मोडलेली ताटं मोजली. चौदा. त्यांच्या मनात एक गोष्ट जुळली होती. पण एक अजून मोकळी लोंबकळत होती, आणि ती फक्त एका अक्षराची होती.

चार

रविवारी दहाला सगळे बैठकीत जमले. रूबेनकाका पांढऱ्या टोपीत मधल्या खुर्चीवर. एझ्रा इस्त्रीच्या शर्टात, मांडीवर फाईल. शालोम शाळेत मराठी शिकवायचा, योनाचं चष्म्याचं दुकान होतं. दोघंही अवघडून बसलेले.

“बरी आहेस ना बाळ?” काकांनी मिल्काला विचारलं.

“हो काका.”

नर्मदाबाई सकाळच्या जीपनं आल्या होत्या. त्यांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला होता, पण कान बैठकीतच होते.

“बाईंची साक्ष मला घेता येणार नाही,” काका दिलगिरीनं म्हणाले. “लग्नाला साक्षीदार आमच्याच धर्माचे लागतात, आणि पुरुष.”

“म्हंजी शेत माजं चालतं, आगटी माजी चालती, च्या माजा चालतो,” आतून आवाज आला, “निस्तं मी चालत न्हाई. बरं हाय की तुमचं!”

काकांनी टोपी सारखी केली.

सिपोराबाईंनी एझ्रा आणि शालोमला व्हरांड्यात पाठवलं आणि योनासमोर बसल्या.

“हुरड्याची कणसं कोणी आणली?”

“एझ्रानं. मी बरोबर होतो.”

“कुठून?”

“शेतातूनच. बाकीची कणसं उघडी होती, पाखरांनी टोचलेली. चार ओळींना मात्र एकेका कणसाला कागदी पिशवी घातलेली. एझ्रा म्हणाला, बघ, पाहुण्यांसाठी खास झाकून ठेवलंय. मला फार कौतुक वाटलं. खेड्यात इतकी स्वच्छता!”

स्वयंपाकघरात काहीतरी धाडकन पडलं आणि पाठोपाठ नर्मदाबाईंचं हसू ऐकू आलं.

“पिशवीवर काही लिहिलेलं होतं?”

“नंबर होते, आणि तारीख. एझ्रा म्हणाला, पॅकिंगची तारीख.”

मिल्कानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती रडते आहे असं काकांना वाटलं. ती हसत होती.

“काका,” सिपोराबाई म्हणाल्या, “शेजारच्या ताटाचा पराग येऊ नये म्हणून आम्ही कणसाला पिशवी घालतो. वंश शुद्ध राहावा म्हणून. त्या पिशव्या मिल्कानं घातल्या होत्या. हा स्टँपपेपर. हे भिंग, आणि हे एझ्रानं स्वतः पाठवलेले सात दाणे. बुडाशी टिकली बघा. असा दाणा फक्त मिल्काच्या ओळींत येतो. एझ्रानं तिला जे दिलं, ते तिचंच होतं.”

काकांनी भिंगातून एक एक दाणा पाहिला. घाई केली नाही. मग एझ्रा आणि शालोमला आत बोलावून त्यांनी सगळं सांगितलं.

एझ्राचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. त्यानं फाईल उघडली.

“मीही वाचलंय काका. बाईची वस्तू तिलाच देऊन शब्द म्हटले आणि ती गप्प राहिली, तर ते लग्न नाही. माझं मी परत घेतलं, असं ती म्हणू शकते. पण ती गप्प राहिली नाही. होकार दिला. मग?”

काकांनी सावकाश मान हलवली.

“सिपोरा, तो बरोबर बोलतोय. ती गप्प राहिली असती तर मी आत्ता सही केली असती. ‘हो’ म्हणाली असेल, तर मला सोडवता येणार नाही.”

पाच

सिपोराबाईंनी दोन्ही जबाब टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

“शालोम, तुम्ही लिहिलंय, ‘ती हो म्हणाली.’ योना, तुम्ही लिहिलंय, ‘ती हौ म्हणाली.’ हे चुकून?”

“चुकून कसं?” योना म्हणाला. “तेच म्हणाली ती. मला गंमत वाटली, अलिबागची पोरगी आणि ‘हौ’!”

“मीही तेच ऐकलं,” शालोम म्हणाला. “अर्थ एकच ना! म्हणून मी आपलं शुद्ध करून लिहिलं.”

“मास्तर, तुमच्या शुद्धलेखनानं एका मुलीचं लग्न लावलं असतं.”

“मावशी, ‘हो’ काय आणि ‘हौ’ काय,” एझ्रा वैतागला. “होकार तो होकार!”

सिपोराबाई उत्तर द्यायला वळल्या. तेवढ्यात आतून हाक आली.

“मिलके! काकांच्या च्यात साखर टाकू का गं?”

“हौ माय!” मिल्का ओरडली.

काकांनी मान वळवून मिल्काकडे पाहिलं.

“काका, आल्यापासून तुम्ही तिच्याशी बोलताय,” सिपोराबाई हळू म्हणाल्या. “तिनं तुम्हाला ‘हो’ म्हटलं. मलाही ती ‘हो’ म्हणते. तीन वर्षांत माझ्याशी एकदाही ‘हौ’ म्हणालेली नाही. आमच्या घरची भाषा ती आमच्याशी बोलते, आणि झरीची झरीशी. तिला स्वतःला हे ठाऊकसुद्धा नाही.”

मिल्का मावशीकडे बघतच राहिली.

“एझ्राशी ती कुठल्या भाषेत बोलेल? आणि ‘हौ’ म्हणाली, तर कुणाला?” त्या योनाकडे वळल्या. “डोळे मिटा. एझ्रानं मूठ पुढे केली. मिल्कानं हुरडा घेतला. त्या वेळी आणखी कोण बोललं?”

योनानं खरोखरच डोळे मिटले. “एझ्रा हिब्रूत म्हणत होता… मागून त्या बाई बोलल्या. तिच्याशी. कणसांचं काहीतरी.” तो थांबला. “‘ही तुझीच कणसं की काय गं?’ असं. आणि मग ती…”

त्यानं डोळे उघडले.

“मग ती ‘हौ’ म्हणाली. अरे देवा.”

“शालोम?” काकांनी विचारलं.

“बाईंचा आवाज मीही ऐकला होता,” शालोम खालच्या आवाजात म्हणाला. “त्याचा संबंध असेल असं वाटलं नाही.”

स्वयंपाकघराच्या दारात नर्मदाबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. शेतात नेमका काय प्रश्न विचारला गेला, हे आज बैठकीत त्यांना कोणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही त्याबद्दल तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. साक्षीदारांनी तो प्रश्न आपल्या तोंडानं सांगितला होता.

रूबेनकाका उठून उभे राहिले.

“एझ्रा, ज्या शब्दाला तू होकार धरून बसलास, तो तिचा दावा होता. माझं आहे, असं ती सांगत होती. आणि तू त्याच शब्दानं तिला तुझी केलीस?”

“पण शब्द तिच्या कानावर पडले होते!” एझ्रा म्हणाला. “तिला अर्थ माहीत आहे. प्रत्येक लग्नात ऐकलेत तिनं.”

“कानावर पडणं वेगळं आणि कळून घेणं वेगळं. आपल्या पूर्वजांचं गलबत कोकणच्या किनाऱ्याला फुटलं तेव्हा पोथ्या बुडाल्या, असं आपण सांगतो. तरी एवढी एक गोष्ट आपल्या आज्यांनी बुडू दिली नाही: पोरीला विचारल्याशिवाय लग्न नाही. तू तिला विचारलंस का?”

एझ्रानं फाईल बंद केली. मिल्काच्या डोळ्याला डोळा न देता तो उठला आणि त्यानं दाण्यांच्या बशीकडे हात नेला.

“थांब,” मिल्का म्हणाली. “बशी राहू दे. सात दाणे माझे आहेत.”

“भाजलेले आहेत,” तो पुटपुटला. “उगवणार नाहीत.”

“माहीत आहे. नोंदीत लागतील.”

सहा

तिघं गेल्यावर काकांनी कागद काढला. सुरुवात केली, ‘सदर मुलीस सोडचिठ्ठीची आवश्यकता नाही…’

“काका, तसं नको,” मिल्का म्हणाली. “लग्न झालंच नव्हतं, असं लिहा.”

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग सिपोराबाईंकडे. “ही तुझ्यावर गेलीय.”

“माझ्यापेक्षा बरी आहे,” सिपोराबाई म्हणाल्या. “मी पहिल्या दिवशी घाबरले होते.”

काकांनी ओळ खोडली आणि हवी तशी लिहिली. मग पेन थांबवून ते नर्मदाबाईंना म्हणाले, “बाई, तुमची साक्ष मला घेता आली नाही. पण तुम्ही तिला विचारलंत. त्या दिवशी त्या शेतात मुलीला प्रश्न विचारणारं माणूस एकटं तुम्हीच होतात.”

“आता इचारायचं न्हाई तर काय!” नर्मदाबाई म्हणाल्या. “हात तिचा, कणसं तिची. दुसऱ्या कुनाला इचारू?” आणि त्यांनी काकांच्या बशीत आणखी दोन बिस्किटं ठेवली.

“आता शेवटचा प्रश्न मिल्काला,” काकांनी पेन उचललं. “पुढच्या रविवारी एलिशाशी लग्न. तुझ्या समजुतीनं, तुझ्या राजीखुशीनं?”

मिल्का ताठ बसली. एका बाजूला मावशी होती, हातात पेन्सिलीचं थोटूक घेऊन. दुसऱ्या बाजूला माय, हातात रिकामा ट्रे घेऊन. टेबलावर बशीत सात दाणे, बुडाशी टिकली लावून बसलेले.

“हौ,” ती म्हणाली.

काकांनी शुद्ध केलं नाही. जसं ऐकलं तसंच लिहिलं.